उन्नतीचं व्याख्यान

सरांच्या घरात नवी वस्तू यायची म्हटलं की त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आधीच उत्तर तयार ठेवत. वस्तू महाग असो की स्वस्त, सर तिच्याभोवती एक फेरी मारत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "आणि जुन्याचं काय केलं?" मिक्सर आला त्या दिवशी मी तिथे होते. सरांनी विचारलं, तशा काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "पाटा-वरवंटा ठेवलाय तसाच. तुमच्या डोक्यात घालायला लागेल कधी तरी." सर मनापासून हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, जुनं काही जात नाही. नुसता उपयोग बदलतो."

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. घरात पहिला नळ कधी आला हे ज्यांना आठवत होतं, अशा म्हाताऱ्यांना तर ते शोधून काढत. नळ आला तेव्हा विहिरीचं काय केलं? वीज आली तेव्हा कंदील कुठे गेले? दवाखाना आला तेव्हा गावची सुईण काय करायला लागली? त्यांच्या अभ्यासाचा विषयच तो होता. इंग्रजी राज्याच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या या नर्मदेकाठच्या मुलखात 'उन्नती', 'सुधार', 'तरक्की' हे शब्द लोकांच्या तोंडी कसे आले, आणि ते शब्द ऐकताना लोकांच्या डोळ्यांसमोर नेमकं काय उभं राही, याचा ते शोध घेत होते. साहेबांनी काय काय केलं यावर पुस्तकं पुष्कळ आहेत, असं ते म्हणत. लोक साहेबांशी कसे लढले यावर त्याहून पुष्कळ आहेत. पण एखाद्या खेड्यातल्या माणसाला 'तुझी उन्नती होणार आहे' असं पहिल्यांदा सांगण्यात आलं आणि त्याने मान हलवली, ती त्याने का हलवली हे कोणी विचारलेलं नाही.

सर या हिवाळ्यात गेले. या अभ्यासाचं पुस्तक लिहून झालं नाही. पुस्तक का झालं नाही हे मला ठाऊक आहे, आणि काकूंना ठाऊक आहे. तिसऱ्या कोणाला ते सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मी त्यांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. प्रबंधाचं पहिलं प्रकरण घेऊन जबलपूरच्या अधारताल भागात त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यात एक वाक्य होतं, की या काळात जिल्ह्याचा लक्षणीय विकास झाला. सरांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'कोणी पाहिला?' मला वाटलं, थट्टा करताहेत.

"अहवालात आहे, सर."

"अहवालात लिहिलंय. लिहिणारा तिथे गेला होता का? गेला असला तर किती वेळ थांबला? सावलीत बसला होता की उन्हात? शोधा, प्राध्यापकबाई."

मी तेव्हा प्राध्यापक नव्हते. ते चिडले की मला हे नाव देत. पुढे मी खरोखरच एका कॉलेजात लागले, तेव्हा त्यांना नवं नाव शोधावं लागलं नाही.

त्यांचे नियम दोनच होते. कोणीतरी पाहिलं असल्याशिवाय लिहायचं नाही, आणि आधाराच्या कागदात नाही असा एकही शब्द आपल्या पदरचा घालायचा नाही. हा दुसरा नियम ते घरातही पाळत. एकदा दारात दूधवाला येऊन काही सांगून गेला. सर आत आले आणि म्हणाले, "आज दूध मिळणार नाही."

"काहून?" काकूंनी विचारलं. काकू मूळच्या नागपूरच्या.

"ते तो बोलला नाही."

"मग तुम्ही विचारलं नाही का?"

"नाही. तो जेवढं बोलला तेवढं सांगतो आहे."

"नवरा आहे का पोस्टमन आहे, काही समजत नाही बाई," काकू माझ्याकडे पाहत म्हणाल्या. मी हसले तशी माझ्यावरच घसरल्या, "काहून हसून राहिली गं? तुलाही हेच शिकवून राहिलेत ना ते?"

सरांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं आणि इकडेच राहिलेलं. पण वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते, आणि सर स्वतःविषयी बोलत ते तिथूनच सुरू करत. आमच्या घरात आधुनिकता भोंग्यावाटे आली, असं ते सांगत. आजोबा ऊन बघून जेवायला बसत, वडील कारखान्याचा भोंगा ऐकून. "वेळेचं झालं. पण भुकेचं काय केलं, हे मात्र वडिलांनी सांगितलं नाही," असं ते म्हणत. पुष्कळदा ऐकलेली गोष्ट होती. तरी त्या वाक्यापाशी आलं की मला दर वेळी त्यांचे वडील दिसत, हातात डबा घेऊन भोंग्याची वाट पाहणारे.

त्यांच्या पुस्तकातलं सगळ्यांत लांब प्रकरण डासाचं होणार होतं. जुन्या सरकारी अहवालांमध्ये एक किस्सा वारंवार येतो. व्याख्याता खेड्यातल्या लोकांना डासाचं भलंमोठं चित्र दाखवतो, आणि गावकरी म्हणतात, आमच्याकडे एवढे मोठे डास नाहीत, आम्हाला भीती नाही. वाचणारे हसतात. सर हसले नाहीत. त्यांना हा किस्सा इतक्या वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या कागदांत, इतक्या सारख्या शब्दांत सापडला, की त्यांनी निष्कर्ष काढला की हे कोणत्याच गावात घडलेलं नाही. "हे साहेबांच्या क्लबातलं जनावर आहे," ते म्हणत. "एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने अहवालात घातलं. खेडूत मूर्ख आहे हे सिद्ध करायला एक डास पुरला." या डासाच्या मागे त्यांनी किती दिवस घालवले ते विचारू नये. रायपूरच्या ग्रंथालयातून नवा डास सापडला की ते फोन करत आणि आवाज खाली आणून सांगत, "आणखी एक मिळाला."

डासावरूनच ते जादूच्या कंदिलाकडे गेले. सिनेमा खेड्यांत पोचण्याआधी सरकारी व्याख्याते हे यंत्र गावोगाव नेत. आत दिवा, पुढे भिंग, मध्ये काचेवर काढलेलं चित्र. समोर टांगलेल्या चादरीवर ते मोठं होऊन पडे. स्वच्छ विहीर, चांगलं बियाणं, आदर्श गाव. असल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीखाली एक वाक्य असे, की श्रोत्यांनी लक्षपूर्वक ऐकलं.

"लक्षपूर्वक म्हणजे काय?" सर विचारत. "कोणी पाहिलं?"

लहानपणी असा कार्यक्रम पाहिलेला एक म्हातारा त्यांना मिळाला. सरांनी त्याला उलटसुलट विचारलं. त्याने बराच विचार करून सांगितलं, "उजेला याद है, बाबूजी. और कुछ नईं." सर त्या एका वाक्यावर कितीतरी दिवस घुटमळत राहिले. मग एके दिवशी म्हणाले, आता साक्षीदार उरलेला नाही, तेव्हा आपणच ते व्याख्यान द्यायचं. शब्दशः. आणि चेहरे बघायचे.

व्याख्यात्यांसाठी छापलेली एक हिंदी पुस्तिका त्यांना पूर्वीच कुठल्याशा ग्रंथालयाच्या रद्दीत सापडली होती. कोणतं चित्र कधी दाखवायचं, काय बोलायचं, कुठे थांबून लोकांना प्रश्न विचारू द्यायचे, त्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं, सगळं तिच्यात होतं. यंत्र बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या एका कापडवाल्याच्या माळ्यावर निघालं. त्याने ते हसत हसत काढून दिलं, वर विचारलं, "सर जी, इसमें मोबाइल कहाँ लगता है?" चित्रं सरांनी एका फोटो स्टुडिओवाल्याकडून काचेवर करून घेतली. व्याख्याता स्वच्छ व सभ्य पोशाखात असावा, असं पुस्तिकेत होतं, म्हणून वडिलांचा काळा कोट पेटीतून निघाला. काकूंनी त्याला इस्त्री केली आणि त्यातही सुनावलं, "लोक रिटायर झाल्यावर हरिद्वारला जातात. हे मच्छर दाखवायला चालले."

पहिला प्रयोग त्यांनी आमच्या कॉलेजात केला. मुलांना फार आवडला. त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं, टाळ्या वाजवल्या, डासाला शिट्ट्या मारल्या. सर उदास होऊन घरी आले. "यांना माहीत आहे की हे जुनं आहे," ते म्हणाले. "जुनं म्हणून बघणारा माणूस त्या माणसासारखं बघू शकत नाही."

म्हणून आम्ही नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे, नागपूर रस्ता सोडून आत असलेल्या एका गावी गेलो. सरपंच सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीचा. सरांनी त्याला सगळं नीट समजावलं होतं, की हे फार जुनं व्याख्यान आहे, मी इतिहासाचा माणूस आहे, अभ्यासासाठी करतो आहे. सरपंच प्रत्येक वाक्याला "हओ साब" म्हणत होता. मग दिवस मावळला, शाळेच्या भिंतीवर चादर लागली, लोक जमले, आणि सरपंचाने उभं राहून ओळख करून दिली, "साब जबलपुर से आए हैं. ध्यान से सुनियो, बीच में कोऊ उठियो मत."

सरांनी पुस्तिका उघडली आणि सुरुवात केली. वडिलांचा कोट त्यांना खांद्यांत सैल होत होता. एरवी भरभर बोलणारे सर त्या जुन्या हिंदीत सावकाश, भारदस्त बोलत होते. डासाचं चित्र आलं. मी चेहरे बघत होते. कोणी हसलं नाही, कोणी आमचे डास लहान आहेत असं म्हणालं नाही. मागून एक बाप्या फक्त एवढंच म्हणाला, की फवारणीवाले गेल्या वर्षीपासून आलेले नाहीत.

शेवटचं चित्र आदर्श गावाचं होतं. कठडा बांधलेली विहीर, शाळा, आणि दवाखाना. दवाखान्याच्या दारात पांढऱ्या लुगड्यातली नर्स. ते चित्र चादरीवर आलं आणि गाव इतकं शांत झालं की दिव्याची फुरफुर ऐकू येऊ लागली. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सर थांबले.

पुढे बसलेली एक बाई उठली. साठीकडे झुकलेली, डोक्यावर पदर, मागे पोटुशी सून. सगळे तिला अम्माच म्हणत, म्हणून मीही पुढे तेच म्हणायला लागले. तिने चादरीकडे बोट केलं. "साब, जे दवाखाना हमाए इते कब लौ बनहै?" आमच्या इथे कधी होणार?

सरांनी टॉर्च पुस्तिकेवर धरली. श्रोत्यांनी आपल्या गावाबद्दल विचारल्यास काय सांगावं, ते तिथे छापलेलं होतं. सरांनी ते वाचलं, टॉर्च बंद केली, मान वर करून अम्मांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरकार इस पर विचार कर रही है."

सगळ्या जमावातून एक निःश्वास निघाला. कोणीतरी दोनचार टाळ्या वाजवल्या. अम्मा सुनेकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि खाली बसल्या.

परतताना पुलावर सरांनी स्कूटर थांबवायला लावली. स्कूटर मी चालवत होते. खाली नर्मदा काळी, आवाज न करता चाललेली. "ऐकलास?" ते म्हणाले. "तो निःश्वास ऐकलास? हेच ते, अगं. लक्षपूर्वक. एवढी वर्षं शोधत होतो. माणसं माना कशाला हलवतात ते मला आज सापडलं." इतके आनंदात मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. त्या महिन्यात त्यांनी जे प्रकरण लिहिलं, तेवढं चांगलं काही त्यांच्या हातून उतरलं नव्हतं. मला वाचून दाखवताना ते मध्येच थांबत आणि स्वतःच म्हणत, "हे मी लिहिलं?"

पुढच्या शिंगाड्यांच्या दिवसांत अम्मा अधारतालला आल्या. सरपंचाकडून पत्ता घेऊन, दोन बस बदलून. फडक्यात शिंगाडे बांधून आणले होते. काकूंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. मी माझं प्रकरण तपासून घ्यायला आले होते. सर खुर्चीवरून उठले आणि अम्मांना खुर्ची दिली, पण त्या खालीच बसल्या.

"साब," त्यांनी विचारलं, "वो बिचार कहाँ लौ पोंचो?"

तो विचार कुठवर पोचला? सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अम्मांनी सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. साहेबांना माहिती असावी, म्हणून. गावची माणसं दर मंगळवारी कलेक्टरकडे जनसुनवाईला जात असत, नर्स मागायला. जाणं-येणं, मजुरी बुडायची, तरी कोणी ना कोणी जायचंच. "आपने कह दई हती, सो फिर हम औरें नईं गए." साहेबांनी सांगितलं की विचार चालू आहे, मग पुन्हा पुन्हा जाऊन त्रास कशाला द्यायचा? नाल्यापलीकडच्या गावची माणसं जात राहिली. नर्स त्या गावाला मिळाली. पावसात नाल्याला पाणी होतं तेव्हाच सुनेचे दिवस भरले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून रस्त्यापर्यंत आणली.

"बहू अच्छी है," अम्मा म्हणाल्या. "मोड़ा नईं बचो."

मुलगा झाला होता. काकूंनी पदर तोंडाला लावला. सरांनी अम्मांसमोर जमिनीवर बसून एकेक शब्द जुळवत सांगितलं, की मी सरकारचा माणूस नाही. मी मास्तर होतो. ते भाषण फार जुनं होतं, इंग्रजांच्या वेळचं. ते वाक्य माझं नव्हतं, कागदातलं होतं.

अम्मांनी सगळं ऐकून घेतलं. "हओ साब," त्या म्हणाल्या. "रिटायर तो सबई होत हैं. पर आपकी चलत तो हुइए." निवृत्त सगळेच होतात, पण तुमच्या शब्दाला अजून वजन असेलच.

त्या गेल्यावर काकूंनी शिंगाडे सोलून ताटलीत घालून सरांपुढे ठेवले. सरांनी हात लावला नाही. "खा ना," काकू म्हणाल्या. "एवढ्या दुरून आणले तिनं."

"मी सगळ्यांना विचारत होतो ना, कोणी पाहिला म्हणून?" सर म्हणाले. "तिनं साहेब पाहिला. काळा कोट घातलेला."

त्यानंतर ते दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जाऊ लागले. आयुष्यभर त्यांनी सरकारी फायली वाचल्या होत्या, भोपाळात, नागपुरात, दिल्लीत. पण जिवंत फाइल ज्या टेबलावर असते त्या टेबलापुढे ते कधी उभे राहिले नव्हते. गावाच्या नावाने अर्ज लिहून ते रांगेत बसत. तिथे हरभऱ्याची पेंढी आणून दाखवणारे शेतकरी असत, पेन्शन अडकलेल्या विधवा असत, आणि त्यांच्यात आमचे सर, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. खिडकीमागचा तरुण कारकून भला होता. तो त्यांना दादा म्हणे, बसायला खुर्ची देई. एकदा तो म्हणाला, "दादा, आपका विचाराधीन है."

"कौन विचार कर रहा है?" सरांनी विचारलं. "मुझे उनसे मिलना है."

"ऐसे कोई एक आदमी थोड़ी करता है, दादा."

हे मला सांगताना ते हसले नाहीत. म्हणाले, "मी एवढ्या फायली वाचल्या. 'विचाराधीन' असं दिसलं की मी पान उलटायचो. पुढच्या पानावर काहीतरी असायचंच, हो नाही तर नाही. इथे पुढचं पान नाही. इथे मंगळवार आहे."

अधिकारी बदलले. नव्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं. एका वर्षी नर्सचं पद मंजूर झालं आणि भरलं गेलं नाही. एका वर्षी भरलं जाणार होतं, तर निवडणूक लागली. सरांनी पुस्तकातून व्याख्यानाचं प्रकरण काढून टाकलं. मी म्हटलं, "सर, ते सगळ्यांत चांगलं प्रकरण आहे." ते म्हणाले, "म्हणूनच." मग बाकीची प्रकरणंही हळूहळू पडून राहिली. प्रकाशकाचा फोन आला की ते म्हणत, आधी दवाखाना होऊ द्या. प्रकाशकाला काही कळत नसे. डास सापडला असं सांगणारा फोन मला पुन्हा आला नाही.

गावी ते दर दोन-तीन महिन्यांनी जात. मी सोबत असे. अम्मा अंगणात खाट टाकत, तिच्यावर सतरंजी, चहा होई. सर सांगत, नवे साहेब आले आहेत, अर्ज पुन्हा दिला आहे. लोक माना हलवत. मी ती हलणारी डोकी पाहत असे आणि मला सरांच्या खाली गेलेल्या मानेकडे बघवत नसे. प्रत्येक वेळी जाताना ते ठरवून निघत, की आज सांगायचं, माझ्याने होत नाही, तुम्ही पुन्हा स्वतः मंगळवारी या. एकदा अर्धंमुर्धं सांगितलंही. अम्मा म्हणाल्या, "आप हैं तो, साब. हम औरें का जानें." त्यानंतर त्यांनी तेवढाही प्रयत्न केला नाही.

त्याच सुमारास काकूंनी घरी नवी शेगडी आणली. काचेची, तीन बर्नरची. मी जिना उतरत होते. काकू मागून खाली आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांनी विचारलंच नाही गं." मला वाटलं पैशांबद्दल म्हणताहेत. "जुनीचं काय केलं, विचारलंच नाही त्यांनी. तिच्यावरून नजर फिरवली अन् आत गेले." काकू रडत नव्हत्या. पण तो हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

सर शेवटी पाय सुजून दवाखान्यात होते, शहरातल्या चांगल्या दवाखान्यात. नर्स तिन्ही त्रिकाळ येई, नाडी बघे, चादर नीट करी. ती आली की सर भिंतीकडे तोंड करत. तिला वाटे, म्हातारा रागावला आहे.

अस्थी तिलवाऱ्याला सोडल्या. ऊन कोवळं होतं, पाण्यावर धुकं. सरांचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याला मराठी नीट समजे, पण बोलताना तो हिंदीत जाई. "चलो आई," तो म्हणाला. काकू गाडीत बसता बसता थांबल्या आणि मला जवळ बोलावलं.

"तू पुढे जाऊन ये," त्या म्हणाल्या. "त्या बाईला सांग. तिला कोण सांगणार दुसरं?"

"जाते."

"आणि खोटं सांगू नको, बाई. त्यांना जमलं नाही. मी रोज रात्री बघत होते ना, झोपेतसुद्धा अर्ज लिहून राहिले असायचे. आता तरी सुटू दे त्यांना."

मी रिक्षा केली आणि पूल ओलांडून तशीच पुढे गेले. गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर खडी पडली होती, ती मागच्या वर्षीही पडलेली होती. अंगणात अम्मा धान्य पाखडत होत्या. सून ओसरीवर एका लहान मुलीची वेणी घालत होती. ही त्या बाळानंतर झालेली. मला एकटीला बघून अम्मांनी रस्त्याकडे, माझ्या मागे पाहिलं. मग सूप खाली ठेवून खाट ओढली, सतरंजी टाकली.

"साब नईं आए?"

"सर नहीं रहे, अम्मा."

त्या खाली बसल्या. सुनेचा हात मुलीच्या केसांत तसाच राहिला. शेजारची दोन-तीन माणसं येऊन कुडाशी उभी राहिली, टोप्या काढून. एक जण म्हणाला, "भले आदमी हते." मी वाट पाहत होते, ती बाकीचं सांगायचा धीर येण्याची. सर सरकारी नव्हते, त्यांच्या शब्दाला कुठे वजन नव्हतं, हे ते स्वतः कितीदा सांगून गेले होते, आणि कोणी ऐकलं नव्हतं.

अम्मांनी पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, एखाद्याच्या घरची चौकशी करावी तसं विचारलं, "तो बाई, अब बिचार को कर रओ?"

आता विचार कोण करतंय?

सरांसाठी पुस्तिकेत उत्तर छापलेलं होतं. मी त्यांच्याजवळ इतकी वर्षं शिकले, कागदात नाही ते बोलायचं नाही. मी खाटेची दोरी बोटांनी चाचपत राहिले. कुडापाशी उभे असलेले लोकही माझ्याकडे पाहत होते. मुलीची वेणी अर्धी झाली होती.

"कोई नहीं, अम्मा," मी म्हटलं. "कोई नहीं कर रहा. पहले भी नहीं कर रहा था."

त्यांनी मान हलवली. ती का हलवली, हे मला कळलं नाही. सरांना कळलं असतं की नाही, तेही सांगता येत नाही. कुडापाशी उभ्या माणसांनी टोप्या डोक्यावर घातल्या आणि एकेक करून ती निघून गेली. अम्मांनी सूप उचलून भिंतीला टेकवलं, चुलीपाशी गेल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"चाय पी के जइयो."